ढोराच्या सुईतली तार

गजू,

तुझी तेरवी झाली. आता सोयऱ्यांनी तुझ्या घरच्यांना मटण खाऊ घालून सुतक मोडायचं, आणि आपल्याकडे तो मान जावयाचा. म्हणजे माझा. माझ्या हातचा चहासुद्धा तुझी ताई परक्या माणसापुढे ठेवू देत नाही, हे तुला माहीत आहे. तरी मी हो म्हणालो. बार्शीटाकळीच्या शेतावर तुझा मटण भाजायचा ड्रम आहे, आच मोजायची तुझी तार आहे, तुझा मीटर आहे. आकड्याकडे पाहत बसलं की झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण अडचण माझ्या स्वयंपाकाची नव्हती. तुझ्या थोरल्या भावाला, म्हणजे आपल्या दादांना, त्या ड्रमवर बोकड चढवायचाच नव्हता. त्यांना रानडुक्कर चढवायचं होतं. ज्यानं तुला मारलं ते.

आणि ते भाजायला त्यांना हवा होतो मी. कारण तुझ्यानंतर ती तार कुठे खुपसायची हे फक्त मला माहीत होतं.

आठव, ही तार आली कुठून. तू तेलाचा ड्रम उभा चिरलास, त्याला बिजागऱ्या लावल्यास, आत लोखंडी जाळी टाकलीस आणि हुरड्याच्या दिवसांत आम्हा सगळ्यांना शेतावर बोलावलंस. अकोल्यात मोटारी रिवाइंड करणारा माणूस, तुला वाटलं आग म्हणजे काय, तांब्याच्या तारेपेक्षा सोपी. कोंबडीच्या तंगड्या बाहेरून डांबरासारख्या काळ्या झाल्या. मी जावई, म्हणून पहिली मला. मी चावा घेतला आणि हाडाजवळून रक्त निघालं. मी फक्त एवढंच म्हणालो, "गजू, ही अजून जिवंत आहे." तू चिमटा फेकलास. तो माझ्या कानाजवळून गेला आणि मागे ठेवलेल्या माठात घुसला. माठ फुटला. सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा, कान चाचपून झाल्यावर.

अमरावतीला परतल्यावर मी फोनवरून स्वस्तातला एक थर्मामीटर मागवला. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला वाटतं की जगातली सगळी भांडणं मोजमापानं मिटतात. पुढच्या खेपेला मी तो खिशात पेनासारखा लावून आलो. तू हातात घेतलास, उलटा-पालटा केलास. "भाऊजी, हे ताप मोजाचं हाये का?" मी म्हणालो, मटणात खुपसायचं. मी खुपसला आणि ड्रमचं झाकण लावलं. झाकण उघडलं तेव्हा त्याचं प्लास्टिकचं डोकं वितळून मांडीवर ओघळलं होतं. बोकडाच्या मांडीवर. वर्षानं ते सुरीनं खरवडून काढलं आणि एक शब्द बोलली नाही. तुझ्या बायकोच्या न बोलण्याला मी तुझ्या बोलण्यापेक्षा जास्त घाबरत आलो आहे.

दुसरा आणला तो वायरवाला होता. डबी बाहेर ठेवायची, वायर आत. त्यानं उकळत्या चहाचं तापमान कोमट दाखवलं. तू त्याला ऐरणीवर ठेवलंस आणि घनाचा एकच घाव घातलास. तुकडे माझ्या चपलेपर्यंत आले.

"विकत घेतलेलं आपल्या बापाचं नसते, भाऊजी. बनवलेलं असते."

"अरे पण बनवणार कशानं?"

"हातानं. पायानं बनवत असते काय?"

मग तू खरंच बनवलंस. एमआयडीसीतल्या कुठल्याशा दुकानातून तापमान मोजायची ती दोन धातूंची जोडतार मीटरभर आणलीस. एका बाजूची दोन्ही टोकं एकमेकांत पिळलीस, गाडीच्या बॅटरीला जुन्या सेलमधली कोळशाची कांडी जोडलीस आणि तिच्या ठिणगीनं पिळाचं टोक वितळवून मोहरीएवढा मणी केलास. मी जवळ वाकलो म्हणून तू माझं डोकं हातानं मागे ढकललंस. "डोये जातीन, सरा तिकडं!" ढकललंस असं की मी खुर्चीसकट पडलो. ती तुझी माया करायची पद्धत होती. आम्हाला ती कळेपर्यंत खरचटायचं. त्या तारेला अणकुचीदार टोक हवं म्हणून तू ढोरांच्या डॉक्टरकडून गाईम्हशींना टोचायची जाड सुई मागून आणलीस आणि तार तिच्यात ओवलीस. मागचं टोक तुझ्या दुकानातल्याच मीटरला. सगळं मिळून माझ्या त्या फुटक्या डबीपेक्षा स्वस्त पडलं, हे तू गावभर सांगितलंस.

आणि पहिल्याच दिवशी ते उलटं चाललं. जाळ वाढेल तसा आकडा खाली. तू निखारे लोटलेस, आकडा आणखी खाली. मी म्हणालो, "गजू, तुझ्या हिशेबानं आता ड्रममध्ये बर्फ पडायला पाहिजे." तेवढं बोलायला नको होतं. तू मीटर उचललास आणि बैलगाडीच्या चाकावर आपटलास. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा वायरी निघाल्या, झाकण उडालं, शिव्या तर इतक्या उडाल्या की शेजारच्या शेतातला माणूस पाणी द्यायचं सोडून बांधावर आला. वर्षानं तुकडे गोळा केले, झाकण बसवलं, वायरी खोचल्या. आणि मीटर नीट चालू लागला. जाळासोबत आकडा वर.

तू छाती ठोकलीस. "पाह्यलं? मारल्याशिवाय कोनी सुधरत नाही. ना मशीन, ना मानूस."

संध्याकाळी भांडी घासताना वर्षा मला म्हणाली, "भाऊजी, वायरी उलट्या होत्या. म्या बदलवून लावल्या. यायले सांगू नका, खुश हायेत." मी सांगितलं नाही. आपलं भांडण मात्र तेव्हापासून चालूच राहिलं. तुझं म्हणणं, ठोकलं की जमते. माझं म्हणणं, आधी मोज. तू मला 'मास्तर' म्हणून हिणवायचास, मी तुला 'घन'. जेवताना, लग्नात, फोनवर. कोण जिंकलं याचा निकाल लागायच्या आत तू गेलास, ही तुझी जुनी सवय. हरायची वेळ आली की उठून जायचास.

पण एक मला मान्य करावंच लागेल. तुझी ताई केक करायची, तो कायम बसायचा. मी त्याला 'अमरावतीची खडी' म्हणायचो, पाहुण्यांसमोर. तू एकदा आलास, ढोराची सुई तिच्या ओव्हनमध्ये ठेवलीस, आणि कळलं की ओव्हन मुळात तापतच नव्हता. बटणावर एक आकडा, आत भलताच. तू माझी कॉलर धरलीस, खरी धरलीस, वरचं बटण तुटलं, आणि म्हणालास, "माफी मांगा माह्या बहिनीची. इतके वर्ष तिले बोलून राह्यले तुमी." मी मागितली. तुझ्या ताईनं रडायचं सोडून आधी बटण शोधलं. गजू, ते मोजणं होतं की मारणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ती सकाळ. मी तिथे नव्हतो. दादा होते. तूर शेंगांवर आलेली, माणूस बुडेल एवढी उंच. विहिरीवरचा स्टार्टर बिघडला म्हणून तू आणि दादा गेलात. डुक्कर तुरीतून निघालं ते सरळ तुझ्यावर. मला नंतर जे दिसलं तेवढंच मी लिहितो: तुझी डावी मांडी जांघेपर्यंत उघडी पडली होती, आतलं पांढरं दिसत होतं, आणि दादांचा दुपट्टा त्यावर बांधलेला, पिळला तर धार लागेल इतका भिजलेला. मालवाहू ऑटोत तुला घातलं. अकोला यायच्या आधीच तू थांबलास. दवाखान्याच्या दारात ऑटोच्या पाट्यावरून रक्त थेंबथेंब खाली पडत होतं आणि एक माणूस त्यावर बादलीनं पाणी टाकत होता. मी त्या माणसाला मारायला धावलो. मी! भूगोलवाला! त्यानं बादली खाली ठेवली आणि मला धरलं. मी त्याच्याच खांद्यावर रडलो.

सरणावर तुला ठेवलं आणि जाळ लागला, तेव्हा माझ्या मनात आलं ते ऐकून तूच हसशील. ही आग किती असेल? तुझ्या तारेनं सहज मोजली असती. मी चक्क खिसा चाचपला. तुझ्या ताईला वाटलं मला रुमाल हवाय, तिनं तिचा दिला.

त्या दिवसापासून दादा जेवायला बसले तरी जेवत नव्हते. फक्त फरशी कुऱ्हाड दगडावर घासायचे. तिची धार नखावर पाहायचे, पुन्हा घासायचे. तेरवीचे पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गावातली माणसं, कुत्रे, भाले घेऊन तुरीत शिरले. मी, तुझी ताई आणि वर्षा शेतावरच्या खोपीजवळ होतो. आवाज ऐकू येत होते. आधी डबे बडवल्याचे, मग कुत्र्यांचे, मग एक किंकाळी. माणसाची वाटावी अशी. वर्षानं पदर कानावर दाबला. किंकाळी थांबली नाही. कोणीतरी ती मारून मारून थांबवली. प्रत्येक घाव ऐकू येत होता, आणि प्रत्येक घावानंतर दादांचा आवाज: "घे! घे! अजून घे!"

चौघांनी लाकडाच्या बल्लीवर लटकवून ते आणलं आणि ड्रमपुढे टाकलं. डोकं चेंदलेलं, एक डोळा बाहेर, पोटावर फरशीचे घाव. कुत्र्यांच्या तोंडाला फेस. दादांच्या बनियनवर, हातांवर, मिशीवरसुद्धा रक्त. आपल्या घरात आजवर डुक्कर कधी शिजलं नाही. मी तसं म्हणालो.

"रानचं हाये. चालते," दादा म्हणाले. "लावा जाळ, जवाईबुवा. यानंच सुतक मोडाचं."

मी खाली पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं होतं. त्याला सुळे नव्हते. पोटाला दुधानं भरलेली सडं होती. मादी होती ती, पिल्लं सोडून आलेली. सुळ्यानं तुला ज्यानं फाडलं ते हे नव्हतंच.

"दादा, हे ते नाही."

"डुक्कर ते डुक्कर."

"अहो, ही लेकुरवाळी..."

"जाळ लावता का नाही?" मी हललो नाही तेव्हा त्यांनी खोपीच्या खिळ्यावरची तुझी सुई ओढून घेतली, मीटरसकट. "माहीत हाये मले कुठं खुपसतात थे." आणि खुपसली. मानेत, पुठ्ठ्यात, पोटात, पुन्हा पोटात. ढोराची सुई, तिला कातडं काय जड. तुझा मीटर तारेला लोंबकळत त्यांच्या मनगटावर आपटत होता. शेवटची पोटात रुतली आणि तिथेच राहिली. मीटर मातीत पडला, आकडा वर. मी सवयीनं वाचला. छत्तीस अंश.

गजू, आपलं सगळ्यांचं अंग असतं जवळपास तेवढंच. बाळंतिणीच्या पोटाजवळ झोपलेल्या पोराला लागते तेवढी ऊब. मी इतके आकडे मोजले तुझ्यासोबत, पण अशी थोबाडीत कुठल्याच आकड्यानं मारली नव्हती.

वर्षा माझ्या मागे येऊन उभी राहिली. मोठ्यानं बोलली नाही. "भाऊजी, तुमी नाही म्हना. माह्यं कोनी ऐकनार नाही, तुमचं मोडता येत नाही दादायले. हे पोटात गेलं तं मले वाटीन, आमी माह्या मानसालेच खाल्लं. रानातल्या मातीत यायचंच रक्त हाये, थेच खाऊन मोठी होते ना थी."

आणि मी रुसलो.

हसू नको. जावयाकडे दुसरं हत्यार काय असतं? वऱ्हाडात जावई रुसला की मांडव थांबतो, पंगत थांबते, सासरा हात जोडतो. मी आजवर कधी धड रुसलो नव्हतो. एकदा पुरणात वेलची नव्हती म्हणून प्रयत्न केला तर तुझ्या ताईनंच मला हाकलून लावलं होतं. आता मी बाज ओढली, ड्रम आणि डुक्कर यांच्या मधोमध टाकली आणि तिच्यावर आडवा झालो. चपला घालून. "मी जेवणार नाही," म्हणालो. "जावई जेवला नाही तर सुतक मोडत नाही. आता काय करायचं ते करा."

"उठा, जवाईबुवा."

"नाही."

"उठा म्हन्लं ना!"

"मारा मला. तुमच्यात मारल्याशिवाय कोणी सुधरत नाही ना?"

आणि दादांनी मारलं. रक्ताच्या हातानं, कानाखाली, असं की बाजेवरून मी खाली गेलो आणि तोंडात माती आली. तुझी ताई किंचाळली. बल्लीवाले चौघं मागे सरले. एक कुत्रं केकाटलं, त्याला कोणी काही केलं नव्हतं तरी. जावयावर हात! आपल्या सोयरिकीत असं ऐकिवात नाही. गावात सांगितलं तर लोक म्हणतील मीच खोटं बोलतो. मी उठून बसलो तेव्हा डावा गाल बधिर होता. तो माझा आहे की नाही हे बोटानं पाहावं लागलं.

दादा स्वतःच्या हाताकडे पाहत होते. मग ते बसले. तिथेच, मातीत.

"जवाईबुवा, म्या झाडावर चढलो होतो."

कोणाला कळलं नाही.

"बाभयीवर. डुक्कर निंगालं तं म्या पह्यले चढलो. गज्या मागं होता. त्यानं हाक मारली, दादा म्हनून. दोनदा. म्या वरूनच पाह्यलं. थे गेल्यावर उतरलो. मंग दुपट्टा बांधला."

बाभळीचे काटे त्यांच्या तळहातांत अजून होते, गजू. इतके दिवस मला वाटत होतं, हातांच्या त्या जखमा फरशी घासण्यानं झाल्या.

 चौघांनी खड्डा केला, बांधापलीकडे, आणि मादीला पुरलं. तुझी सुई मी तिच्या पोटातून काढली. वर्षानं ती राखेनं घासली, पाण्यानं धुतली आणि दगडावर उन्हात ठेवली. पण त्या दिवशी ती अन्नात घालायचं मला जमलं नाही. गावातून बोकडाचं मटण आणवलं. मी जाळ केला आणि अंदाजानं भाजायला बसलो. जाळावर हात धरून पाहिला, वास घेतला, बाहेरून रंग पाहिला. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तर आकड्यावाचून आंधळा आहे. आहेच.

दुपार उलटली तेव्हा पंगत बसली. मी वाढायला निघालो तर दादा पंगतीत नव्हते. विहिरीच्या कठड्यावर, पाठ करून. तुझी ताई बोलावून आली, उठले नाहीत. मी गेलो, सुजलेला गाल घेऊन, म्हणालो, "दादा, रुसणं हे जावयाचं काम आहे, तुमचं नाही." तेही चाललं नाही. आणि घरचा थोरला जेवत नाही तोवर कोणी घास तोंडात घालणार नव्हतं. सुतक त्या कठड्यावर बसून होतं.

मग वर्षा उठली. डोक्यावर पदर घेतला, थोरल्या दिरापुढे घेतात तसा, आणि ताट त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. तिनं सगळं ऐकलं होतं, ती माझ्या शेजारीच उभी होती तेव्हा. ती काय करणार हे मला कळेना. मला वाटलं आता ताट फेकून मारेल. मारलं असतं तर मी अडवलं नसतं.

"जेवा, दादा."

ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"तुमी झाडावर चढले म्हनून वाचले. दोघं गेले असते तं म्या आता भांडली कोनासंग असती?" आणि मग ती भांडली. तिथेच, उभ्यानं, तासभर मनात साठलेलं नाही, साऱ्या जन्माचं: स्टार्टर आधीच का बदलला नाही, मोठे कशाले झाले, हाक ऐकू आली तं काहून नाही उतरले, काहून नाही. तिचा आवाज तुरीवरून पलीकडच्या शेतात गेला. दादा मान खाली घालून ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात ताटात गेला. त्यांनी घास तोंडात घातला आणि ती बोलत राहिली, आणि ते चावत राहिले, खूप वेळ.

मटण कडक राहिलं होतं, गजू. तरी सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.